मण्यांचा हिशोब

मण्यांचा हिशोब : हाताने ओवलेल्या किंवा विणलेल्या दागिन्याला किती मणी लागतील हे ओवायला बसण्यापूर्वी काढण्याची रीत. मंगळसूत्र, पोत, ठुशी, मोत्याचा सर, जपमाळ, मनगटातली माळ, मण्यांची विणलेली पट्टी अशा सगळ्या कामांत हा हिशोब लागतो. पिढीजात पटवेकरी, म्हणजे दागिने ओवून गाठवणारे कारागीर, तो नजरेने करतात. घरी दागिने करणाऱ्याला मात्र तो मांडूनच करावा लागतो, कारण चुकला तर दागिना दोन बोटे तोकडा पडतो, आणि त्याच रंगछटेचे मणी पुन्हा मिळतीलच असे नसते.

ढोबळ नियम सोपा आहे : दागिन्याची लांबी भागिले मण्याचा आकार. एका इंचात २५.४ मिलिमीटर असतात, म्हणून ४ मिमीचे मणी इंचाला साधारण सहा बसतात, ६ मिमीचे चार, ८ मिमीचे तीन आणि १० मिमीचे अडीच. खड्यांच्या मण्यांची लड बहुधा १५ ते १६ इंचांची असते. तिच्यात ४ मिमीचे ९८च्या आसपास, ६ मिमीचे ६५, ८ मिमीचे ४९ आणि १० मिमीचे ३९ मणी निघतात. एकाच आकाराच्या गोल मण्यांचा साधा एकपदरी हार असेल, तर एवढ्यावर भागते. पण असे काम क्वचितच असते.

पहिली अडचण मण्याच्या मापातच असते. पाकिटावर छापलेले माप बहुतेक वेळा व्यासाचे असते, आणि दोऱ्यावर जागा अडते ती मण्याच्या छिद्राच्या दिशेने असलेल्या लांबीमुळे. गोल मण्यात या दोन्ही गोष्टी सारख्या असतात, चपट्या आणि नळीच्या मण्यांत नसतात. बारीक काचमण्यांत हा फरक विशेष जाणवतो. त्यांचे क्रमांक ६/०, ८/०, ११/०, १५/० असे असतात आणि आकडा वाढतो तसा मणी लहान होत जातो. ११/० मण्याचा व्यास दोन मिलिमीटरच्या जरा वर असतो, पण छिद्राच्या दिशेने तो दीडच्याही आतच भरतो. त्यामुळे व्यास धरून इंचाला बारा मणी मोजणाऱ्याला प्रत्यक्षात अठरा लागतात. यावर एकच भरवशाचा उपाय आहे : हातातल्या मण्यांपैकी वीस मणी ओवावेत, ते सैल न ठेवता एकमेकांना भिडवावेत, पट्टीवर मोजावेत आणि आलेल्या मापाला विसाने भागावे. हाताने केलेले मणी एकसारखे नसतात, म्हणून वाराणसीच्या किंवा उत्तर प्रदेशातल्याच पुरदिलनगरच्या काचमण्यांसाठी ही सरासरी छापील मापापेक्षा नेहमीच जास्त खरी ठरते.

दुसरी गोष्ट क्रमाची. ज्यांची संख्या कमीजास्त करता येत नाही असे भाग आधी वजा करायचे : फासा (दागिन्याची दोन टोके एकमेकांत अडकवणारा भाग), कडी, वाट्या, पदक. उरेल ती लांबी मण्यांची. २४ इंची दोन पदरी मंगळसूत्र घेऊ. २४ इंच म्हणजे ६१० मिमी. फासा आणि त्याच्या कड्यांना २० मिमी, मधल्या वाट्या आणि त्यांच्या शेजारचे मोठे मणी मिळून ४० मिमी धरले, तर ५५० मिमी उरतात, म्हणजे प्रत्येक बाजूला २७५. काळा मणी दोऱ्यावर १.६ मिमी आणि सोन्याचा मणी २.५ मिमी भरतो असे मोजून ठरवले, आणि गुंफण पाच काळे, एक सोन्याचा अशी ठेवली, तर एका गटाची लांबी १०.५ मिमी होते. २७५ मिमीत असे २६ गट बसतात आणि दोन मिलिमीटर उरतात, तिथे एक जादा काळा मणी जातो. एका बाजूच्या एका पदराला १३१ काळे आणि २६ सोन्याचे, चारही पदरांना मिळून ५२४ काळे आणि १०४ सोन्याचे मणी लागतात. गट धरून मोजण्याचा मोठा फायदा असा की दोन्ही बाजू आपोआप सारख्या होतात. अख्ख्या लांबीचा एकच भागाकार केला की कुठे तरी अर्धा गट उरतो, आणि वाट्यांच्या एका बाजूला सोन्याचा मणी तर दुसऱ्या बाजूला काळा, अशी विजोड गुंफण होऊन बसते.

अंगाला भिडून बसणाऱ्या दागिन्यांत आणखी एक मुद्दा येतो, आणि नवशिक्यांचे सर्वांत जास्त मणी इथेच कमी पडतात. टेप मनगटाच्या त्वचेवरून फिरते, पण दोरा मण्यांच्या पोटातून जातो, म्हणजे त्वचेपासून अर्धा मणी बाहेर. म्हणून दोऱ्याच्या वर्तुळाचा व्यास मनगटापेक्षा एका पूर्ण मण्याने मोठा असतो, आणि परीघ मण्याच्या व्यासाच्या ३.१४ पटीने वाढतो. याचा अर्थ असा की मणी लहान असो वा मोठा, भागाकाराच्या उत्तरात तीन मणी मिळवायचेच. १६० मिमी मनगट आणि ८ मिमीचे मणी असतील तर वीस अधिक तीन, म्हणजे तेवीस. सैलपणासाठी एक सेंटीमीटर सोडला की चोवीस. तीन मणी सगळीकडे तीनच, पण लांबी बघता ४ मिमीच्या मण्यांत ती चूक १२ मिमीची आणि १० मिमीच्या मण्यांत ३० मिमीची होते. जाड मण्यांची माळ मोजून केली तरी हातात घट्ट बसते, ती यामुळेच. गळ्याशी बसणाऱ्या ठुशीसारख्या दागिन्यालाही हाच नियम लागतो. छातीवर लोंबणाऱ्या हाराला तो लागत नाही, कारण त्याची लांबी तो कुठवर यायला हवा यावर ठरते.

बहुपदरी हारात बाहेरचा पदर आतल्यापेक्षा लांब हवा, नाहीतर पदर एकमेकांवर चढतात. हाराचा खालचा भाग अर्धवर्तुळासारखा पडतो असे मानले, तर पदराला पदर भिडून बसण्यासाठी प्रत्येक बाहेरच्या पदरात तीन मणी वाढवतात, आणि दोन पदरांत एका मण्याएवढी फट हवी असेल तर सहा. हा अंदाज आहे. जड मण्यांचा हार अर्धवर्तुळापेक्षा टोकदार पडतो, तेव्हा पक्के ओवण्यापूर्वी पदर मानेच्या आकाराच्या ठोकळ्यावर किंवा माणसाच्या गळ्यात धरून बघणे चांगले.

मोत्यांच्या सरात दोन मोत्यांमध्ये गाठ मारतात, म्हणजे मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटला तरी सगळा सर विखुरत नाही. गाठीलाही जागा लागते. १८ इंची सरात फासा वजा जाता ४४५ मिमी उरले आणि मोती ६ मिमीचे असले, तर बिनगाठीच्या सराला ७४ मोती लागतात. प्रत्येक गाठ एक मिलिमीटर घेत असेल तर ६३ पुरतात. गाठीची जाडी दोऱ्याप्रमाणे बदलते, म्हणून आधी पाच मोती गाठवून माप घ्यावे. मोती महाग असल्याने मुंबईच्या मोतीबाजारात त्यांची संख्या थेट किमतीतच शिरली होती : ‘चव’ या मापासाठी मोत्यांच्या एकूण वजनाचा वर्ग करून त्याला संख्येने भागत, त्यामुळे त्याच वजनात मोती जितके कमी आणि मोठे तितकी चव जास्त.

जपमाळेत सगळे उलट होते. तिथे संख्या ठरलेली, लांबी मागून येते. १०८ मणी आणि वर मेरुमणी. ८ मिमीचे मणी असतील तर १०८ मण्यांचीच लांबी ८६४ मिमी होते, आणि गाठी धरल्या तर माळ एक मीटरच्या जवळ जाते. लहान माळ हवी असेल तर मणी कमी करता येत नाहीत, बारीक मणी घ्यावे लागतात किंवा ५४ अथवा २७ मण्यांची माळ करावी लागते. गोवा आणि वसईतल्या कॅथलिक कुटुंबांत वापरल्या जाणाऱ्या रोझरीत बहुधा ५९ मणी असतात, ५३ लहान आणि ६ वेगळे. मुसलमानांच्या तसबीहीत ९९ किंवा ३३.

विणलेल्या पट्टीत लांबी आणि रुंदी या दोन्ही दिशांनी मोजावे लागते. मागावर विणताना मण्याचे छिद्र पट्टीच्या आडव्या दिशेला राहते, म्हणून रुंदीला मण्याची लांबी आणि लांबीला मण्याचा व्यास धरतात. ११/० क्रमांकाच्या नळीदार जपानी मण्यांचा व्यास १.६ मिमी आणि लांबी १.३ मिमीच्या आसपास असते. दोन सेंटीमीटर रुंद, १६ सेंटीमीटर लांब पट्टीला १५ मण्यांच्या १०० ओळी, म्हणजे १५०० मणी लागतात. नक्षीला मध्य हवा असेल तर ओळीतल्या मण्यांची संख्या विषमच ठेवतात. एवढे मणी कोणी मोजून विकत नाही, ते वजनावर मिळतात : या जातीचे ग्रॅमला सुमारे २००, त्याच क्रमांकाचे गोल मणी सुमारे ११०. म्हणजे वरच्या पट्टीला साडेसात ग्रॅम. जात माहीत नसेल तर शंभर मणी सराफी काट्यावर तोलून हा आकडा स्वतः काढावा. स्वयंपाकघरातला काटा इतके कमी वजन नीट दाखवत नाही.

आलेल्या आकड्यावर दहा टक्के जास्त घेणे योग्य. काही मण्यांची भोके बुजलेली निघतात, काही कडेला फुटलेले असतात, आणि पुढच्या खेपेचा रंग आधीच्या खेपेशी तंतोतंत जुळेल याची खात्री नसते. सोन्याच्या मण्यांना हा नियम लावत नाहीत. ते नेमके मोजूनच घेतात.

संक्रांतीला नव्या सुनेसाठी आणि बोरन्हाणाच्या बाळासाठी केल्या जाणाऱ्या हलव्याच्या दागिन्यांना मात्र वरचे कोणतेच कोष्टक चालत नाही. काटेरी दाण्याला भोक नसते. तो दोऱ्याच्या फासात अडकवतात, आणि दोन दाण्यांमधले अंतर करणारीचा हात ठरवतो. म्हणून तिथे चार बोटे लांबीचा तुकडा आधी गाठवतात, त्यातले दाणे मोजतात आणि त्यावरून हाराचा आणि बाजूबंदाचा अंदाज बांधतात. गाठवताना काटे झडतात, दाणे तुटतात, त्यामुळे हलवा दहा टक्क्यांहून बराच जास्त हाताशी ठेवावा लागतो.