व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत

आमच्या रिमोटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. ते फक्त उजवीकडच्या बाणावर फाटलंय, कारण रात्री जेवणं उरकली की मी तेच बटण दाबत बसतो. पोस्टरांच्या रांगा सरकवायच्या, दोन-चार ट्रेलर बघायचे आणि अर्ध्या तासाने ‘बघण्यासारखं काही नाही’ म्हणत टीव्ही बंद करायचा. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा वाहिनी एकच होती, आणि मध्येच पडद्यावर व्यत्ययाची पाटी यायची. तरी कोणी जागचं हलायचं नाही! मग आता सगळं हाताशी असताना गोडी गेली कुठे?

अत्तराच्या दुकानात शिरल्यावर थोड्याच वेळात वास येईनासा होतो. अत्तर तेच असतं, आपण सरावलेले असतो. एकसारखं येत राहणाऱ्या संवेदनेकडे मेंदू हळूहळू काणाडोळा करतो. करमणुकीचंही तसंच होतं. भाग कितीही चांगला असला तरी पहिल्या पाच मिनिटांची मजा विसाव्या मिनिटाला तेवढीच राहत नाही.

यावर लीफ नेल्सन, टॉम मेव्हिस आणि जेफ गलाक या अमेरिकी संशोधकांनी २००९ मध्ये एक गमतीशीर अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना त्यांनी एक विनोदी मालिका सलग दाखवली, काहींना मध्ये जाहिराती घालून. आधी विचारलं तर लोक अर्थातच जाहिराती नकोत म्हणत. बघून झाल्यावर मात्र जाहिरातींसह बघणाऱ्यांनाच मालिका जास्त आवडलेली निघाली. जाहिराती चांगल्या होत्या म्हणून नव्हे. त्यांनी सरावण्याची साखळी तोडली आणि परत आल्यावर मालिका पुन्हा ताजी वाटली. (जाहिरात कंपन्यांनी हे वाचून फार खूश होऊ नये. दर चार मिनिटांनी तोच साबण दाखवला, तर माणूस त्यालाही सरावतोच.)

दुसरा धागा डोपामीन या मेंदूतल्या रसायनाचा. ‘आनंदाचं रसायन’ ही त्याची ओळख जरा ढोबळच. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामीन सोडणाऱ्या पेशींची नोंद घेतली, तेव्हा असं दिसलं की अवचित फळांचा रस प्यायला मिळाला की या पेशी जोरात चेततात. पुढे, दिवा लागला की रस मिळतो हे माकडाला कळलं, की त्या दिवा लागल्यावर चेततात आणि प्रत्यक्ष रसाच्या वेळी जवळपास गप्प राहतात. या पेशी दाद देतात ती अपेक्षेपेक्षा जास्त काही हाती लागलं तर. आता पुढचा भाग पाच सेकंदांत आपोआप सुरू होणार हे ठाऊक असेल, तर अवचित असं उरलं काय?

मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये एकच मालिका तीन गटांना तीन प्रकारे दाखवली: एका बैठकीत, रोज एक भाग आणि आठवड्याला एक भाग. सगळी एकदम बघणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी गोष्ट सर्वांत छान आठवत होती, पण १४० दिवसांनी चित्र उलटलं होतं. मालिकेची मजाही याच गटाने कमी लुटली.

एक गोष्ट मात्र वेगळी काढायला हवी. टीव्हीच कशाला, गाणं, गप्पा, आवडीचं जेवण, कशातच दोन आठवड्यांहून अधिक काळ रस वाटत नसेल, तर ते सरावणं नव्हे. नैराश्याचं ते एक मुख्य लक्षण असतं, तेव्हा डॉक्टरांना भेटावं.

आमच्या आईला यातलं काही सांगावं लागत नाही. साडेसातची मालिका ॲपवर कधीही बघता येते हे तिला मी तीनदा दाखवून झालंय. ती साडेसातलाच बसते. जाहिराती लागल्या की उठते, कुकर चढवते, उद्याची भाजी निवडायला घेते आणि तिथूनच ओरडते, “लागलं का रे?”