बिल्ज पंपाचा घरगुती स्विच

बिल्ज म्हणजे बोटीच्या पोटातला सर्वांत खालचा भाग. पावसाचे, लाटांचे आणि बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्यालगत झिरपलेले पाणी तिथे साचते. बोटीवर कोणी नसतानाही ते उपसणारा पंप आपोआप सुरू व्हावा, यासाठी हा स्विच. १० चौरस मीटरच्या उघड्या बोटीत १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १,००० लिटर, म्हणजे एक टन पाणी भरते. पावसाळ्यात खडकवासल्याला बोट बांधून ठेवायची तर हा हिशेब आधी करावा.

पुणेकरांना यातले तत्त्व नवे नाही. सोसायटीच्या टाकीतला फ्लोट टाकी भरली की मोटार बंद करतो. इथे पाणी भरले की मोटार चालू व्हायची. सामानही बहुतेक तापकीर गल्लीत मिळते. फ्लोटच्या तरंगत्या कडीत चुंबक असतो आणि मधल्या दांडीत रीड स्विच, म्हणजे सीलबंद काचनळीतली दोन बारीक पाती. कडी वर सरकली की पाती जुळतात. ती नाजूक असतात. पंपाचे २-४ अँपिअर थेट त्यांतून सोडले, तर ती एकमेकींना चिकटून बसतात आणि बॅटरी संपेपर्यंत पंप चालत राहतो. म्हणून पंपाचा भार रिलेवर, म्हणजे तारेच्या गुंडाळीतल्या (कॉइल) छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचवर द्यावा आणि रिलेच्या कॉइलला डायोड, म्हणजे एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा भाग, आडवा जोडावा, पांढरा पट्टा धन बाजूला.

खरी गोम दोन पातळ्यांत आहे. पंप थांबताच नळीत चढलेले पाणी बिल्जमध्ये परत येते. २५ मिलिमीटर व्यासाच्या २ मीटर नळीत ते सुमारे १ लिटर भरते. एकच फ्लोट असेल तर तेवढ्यानेच पंप पुन्हा सुरू होतो आणि रात्रभर चालू-बंद होत राहतो. वरच्या फ्लोटने सुरू आणि खालच्याने बंद, अशी रचना करावी. त्यासाठी दोन संपर्कांची रिले घ्यावी: एका संपर्कावर पंप चालतो, दुसरा खालच्या फ्लोटमार्फत कॉइल धरून ठेवतो, अगदी बोअरच्या स्टार्टरसारखा. खालचा फ्लोट पंपाच्या शोषणपातळीच्या वरच हवा, नाहीतर पंप कोरडा फिरत बसतो.

वायर मुख्य स्विचच्या आधी, थेट बॅटरीवरून फ्यूजमधून आणावी. हाताने चालू करायचा वेगळा स्विचही ठेवावा. रिलेत ठिणगी पडते, त्यामुळे पेट्रोल इंजिनाच्या बोटीत ती बिल्जमध्ये किंवा इंजिनापाशी बसवूच नये. फ्लोटभोवती जाळी लागतेच: एखादे ओले पान किंवा तेलाचा चिकट थर कडी अडवायला पुरतो. दर महिन्याला बादलीभर पाणी ओतून पंप सुरू होतो का आणि वेळेवर थांबतो का, हे समोर उभे राहून पाहावे.