पॅरापेट म्हणजे काय, आणि तो किती उंच हवा?

आमच्या कोटेशनमध्ये ‘पॅरापेट’ असं लिहिलेलं दिसलं की बरेच ग्राहक विचारतात, हे कुठलं जादा काम? जादा काही नाही. गच्चीचा कठडाच तो. वडोदऱ्यात आपले कडिया, म्हणजे गवंडी, ज्याला ‘पाळी’ म्हणतात.

शब्द मूळचा इटालियन, ‘पारापेत्तो’. ‘पारारे’ म्हणजे राखणे आणि ‘पेत्तो’ म्हणजे छाती. ही छाती शिपायाची. तटावर पहारा देणाऱ्याला बाहेरून येणाऱ्या माऱ्यापासून आडोसा हवा, म्हणून तटाच्या बाहेरच्या कडेवर ही भिंत चढवत. सोळाव्या शतकात तोफांना तोंड देणारे किल्ले बांधण्यात इटलीचे स्थपती पुढे होते. त्यांच्या कामाबरोबर हा शब्द युरोपभर गेला आणि शतकाच्या अखेरीस इंग्रजीतही रुजला. आपल्या किल्ल्यांवर हेच काम चर्या, म्हणजे तटावरचे दगडी कंगोरे, करत. मागे फांजीवरून, म्हणजे तटावरच्या वाटेवरून, शिपायांची ये-जा चाले आणि जंग्यांतून, म्हणजे भिंतीतल्या भोकांतून, बंदुकीचा नेम धरला जाई.

घराच्या गच्चीवर धोका तोल जाण्याचा. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य बेंबीच्या आसपास असतो. कठडा त्याहून खाली राहिला, तर रेललेला माणूस सरळ पलीकडे जातो. राष्ट्रीय इमारत संहितेत कठड्याची उंची किमान १ मीटर सांगितली आहे, आणि तीही तयार फरशीपासून. घोळ नेमका इथेच होतो. कठडा स्लॅबपासून मोजून १ मीटर बांधतात. मग वर कोबा येतो, त्यावर चायना मोझेक, म्हणजे टाइलच्या तुकड्यांची फरशी, आणि १०-१२ सेंटीमीटर उंची खाली गडप होते. म्हणून आम्ही पक्क्या फरशीची पातळी भिंतीवर आधी आखून घेतो आणि माप तिथून धरतो.

उत्तरायणात गच्ची माणसांनी भरते आणि पतंग उडवणारा वर बघत मागे सरकत असतो. म्हणून मुलं असलेल्या घरात आम्ही ११० सेंटीमीटरचाच आग्रह धरतो. आडव्या पाइपांची रेलिंग मात्र नको. मुलं तिच्यावर शिडीसारखी चढतात. उभ्या सळ्या घ्या, दोन सळ्यांत १० सेंटीमीटरपेक्षा कमी फट ठेवा.

जुना कठडा बुटका असेल, तर प्लास्टरवर नुसता विटांचा थर चढवू नका. तो जुन्या कामाला धरत नाही, धक्क्याने सुटतो. त्यापेक्षा भिंतीत खोल रोवलेली लोखंडी रेलिंग बरी. गच्चीचं माप घ्यायला आम्ही येतो, त्याचे पैसे लागत नाहीत.