ड्रोनला कान नसतात

उन्हाळ्याची सुट्टी लागली की कोकणच्या किनाऱ्यांचे ड्रोनने काढलेले व्हिडिओ मोबाइलवर येऊन आदळायला लागतात. सुरूची रांग, फेसाची वळणदार रेघ आणि खाली लाटांचा धीरगंभीर आवाज. चित्राचं सगळे कौतुक करतात. आवाज कुठून आला, हे कुणी विचारत नाही. बाजारातल्या बहुतेक कॅमेरा-ड्रोनमध्ये माइकच नसतो, आणि असता तरी चार पंख्यांच्या घरघरीपलीकडे त्यात फारसं काही आलं नसतं. म्हणजे वरून दिसणारा समुद्र मुळात मुका असतो. त्याला मागाहून आवाज चिकटवलेला असतो आणि तो बऱ्याचदा तयार आवाजांच्या संग्रहातून उचललेला, भलत्याच देशातल्या किनाऱ्याचा असतो.

मागाहून आवाज घालण्याला माझी हरकत नाही. सिनेमात पावलांच्या आवाजापासून दाराच्या कडीपर्यंत कितीतरी आवाज असेच येतात. माझी हरकत चुकीच्या समुद्राला आहे. दापोलीजवळ मुरुड-कर्द्याची सपाट पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, दिसत असताना कानावर गोट्यांच्या किनाऱ्याची खडखड पडली, की कोळ्याच्या तोंडी विदर्भाची बोली घातल्यासारखं वाटतं. किनाऱ्याकिनाऱ्याचा आवाज वेगळा असतो आणि त्याला भौतिक कारण आहे. व्हिडिओ करायला शिकणाऱ्या मुलांना कॅमेऱ्याच्या सेटिंगआधी ते सांगायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

लाट फुटते तेव्हा नेमकं वाजतं काय? ‘पाणी पाण्यावर आपटतं, त्याचा आवाज’ हे उत्तर बहुतेक जण देतील. ते अपुरं आहे. पाण्याच्या आपटण्यातून होणारा आवाज त्या मानाने फार थोडा. खरा गायक आहे पाण्यात कोंडली गेलेली हवा, म्हणजे बुडबुडा.

१९३३ साली मार्सेल मिनार्ट या शास्त्रज्ञाने बुडबुड्याचा सूर कसा ठरतो, याचं गणित मांडलं. हा गृहस्थ खगोलशास्त्रज्ञ, सूर्याच्या वर्णपटाचा अभ्यासक. वाहत्या पाण्याच्या खळखळीने त्याला पकडलं. त्याचा विचार साधा आहे. पाण्यात नुकताच तुटून तयार झालेला बुडबुडा शांत नसतो. त्याच्यातला दाब आजूबाजूच्या पाण्याशी जुळलेला नसतो. म्हणून तो थोडा आकसतो, मग गरजेपेक्षा जास्त आकसला म्हणून फुगतो, मग पुन्हा आकसतो. आतली हवा स्प्रिंगचं काम करते आणि भोवतालचं पाणी त्या स्प्रिंगला टांगलेल्या वजनाचं. ही आंदोलनं काही हजारांश सेकंदांत विरतात. तेवढ्या वेळात बुडबुडा एक सूर काढून मोकळा होतो आणि मग गप्प पाण्यात तरंगत राहतो. गाणारे असतात ते फक्त नवजात बुडबुडे.

आता गणित. ज्यांना नको असेल त्यांनी खुशाल पुढच्या परिच्छेदात उडी मारावी. बुडबुड्याबरोबर हलणाऱ्या पाण्याचं वस्तुमान, बुडबुड्याच्या जागेत मावेल त्या पाण्याच्या वस्तुमानाच्या तिप्पट भरतं. हवा दाबली गेली की ती किंचित तापते, आणि इतक्या झटपट हालचालीत ती उष्णता बाहेर पडायला वेळ नसतो असं धरलं तर स्प्रिंगच्या कडकपणात १.४ हा आकडा येतो. वातावरणाचा दाब आणि पाण्याची घनता घालून वर्गमूळ काढलं की हाती लागतं एक सुटसुटीत सूत्र: हर्ट्झमधली वारंवारता (सेकंदाला होणारी आंदोलनं) गुणिले मीटरमधली त्रिज्या बरोबर सुमारे ३.३. म्हणजे १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा ३,३०० हर्ट्झला वाजतो आणि १ सेंटिमीटरचा ३३० हर्ट्झला. मोठा बुडबुडा खर्जात, लहान तारसप्तकात. आपला कान २,००० ते ५,००० हर्ट्झच्या दरम्यान सर्वांत तीक्ष्ण असतो, आणि मिलिमीटरभराचे बुडबुडे नेमके त्याच पट्ट्यात गातात.

पण मग समुद्राची ती खोल गाज कशातून येते? तेवढा खर्ज काढायचा तर एकेकटा बुडबुडा वितभर रुंद हवा. इथे गोष्ट रंगते. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो, पाण्यात जवळपास १,५०० मीटर. दोन्ही मिसळले तर वेग मधला कुठला तरी येईल, असं वाटतं. तो दोन्हींपेक्षा कमी येतो! पाण्यात शंभरात एक भाग हवा बुडबुड्यांच्या रूपात मिसळली, तरी त्या मिश्रणात आवाजाचा वेग सेकंदाला १२० मीटरच्या आसपास घसरतो. कारण मिश्रण पाण्याइतकं जड राहतं, पण हवेमुळे मऊ होतं. लाट कोसळल्यावर खाली शिरलेला बुडबुड्यांचा ढग असा जड आणि मऊ असतो. त्यातले बुडबुडे सुटे सुटे न वागता एकत्र आंदोलतात आणि एकच प्रचंड बुडबुडा असल्यासारखा खोल आवाज निघतो. रात्री वाडीत घरबसल्या ऐकू येते ती गाज बहुतांशी या ढगांची.

आता किनाऱ्यांमधला फरक उलगडतो. उतार सौम्य असेल तर लाट हळूहळू, माथ्यावरून फेस सांडत येते. हवा थोडी थोडी कोंडली जाते, आवाज लांबट आणि सळसळता. उतार तीव्र असेल तर लाट कमान टाकून कोसळते, त्या कमानीत हवेचा मोठा खजिना अडकतो आणि ‘धाड्’ होतं. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गावर खडकांच्या भेगांत पाणी घुसतं तिथे तिसराच प्रकार: भेगेत अडकलेली हवा दाबली जाते आणि पाण्यासकट फुसकन बाहेर येते. हे तिन्ही आवाज डोळे मिटून वेगळे ओळखता येतात. भरती-ओहोटीबरोबर एकाच किनाऱ्याचा आवाजही बदलतो, कारण लाट फुटण्याची जागा आणि तिथला उतार बदलतो.

जाता जाता: ‘५२८ हर्ट्झच्या समुद्रलाटा, डीएनए दुरुस्त होतो’ असे तासन्‌तासांचे व्हिडिओ सध्या जोरात आहेत. वरच्या सूत्राने हिशेब करा. समुद्र फक्त ५२८ हर्ट्झला वाजायचा तर त्यातला प्रत्येक बुडबुडा बरोबर ६.२ मिलिमीटर त्रिज्येचा हवा. अरबी समुद्र इतका शिस्तीचा नाही. लाटेत सगळ्याच वारंवारता खिचडी होऊन येतात. ऐकून झोप चांगली लागत असेल तर जरूर ऐका, डीएनएला मधे ओढू नका.

तरीही खोट्या समुद्राला आपण फसतो, कारण मेंदूला चित्र आणि आवाज यांची गाठ मारायची भारी घाई असते. १९९७ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एक प्रयोग यासाठी मला फार आवडतो. पडद्यावर दोन ठिपके समोरासमोरून येतात, एकमेकांवरून जातात आणि पुढे निघून जातात. आवाज नसताना बहुतेकांना तसंच दिसतं. पण ते भेटतात त्या क्षणी एक ‘टक्’ वाजवला, की ठिपके एकमेकांवर आपटून मागे फिरल्याचं कितीतरी जास्त वेळा दिसतं. चित्र तेच, आवाजाने हालचाल बदलली.

सिंधुदुर्गातल्या दशावतारी मंडळींना हे सांगायला ‘नेचर’ लागलं नाही. रंगमंचावर देव-दानवांचं युद्ध चालतं तेव्हा तलवारीला तलवार लागते की नाही, ते मागच्या रांगेतून दिसतही नाही. मृदंगाची थाप आणि झांज नेमकी पडली की वार बसलेला दिसतो. कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला, तर याहून पुढची. तिथे चित्र हलतच नाही. निवेदकाचा आवाज, वीणा आणि टाळ ते हलवतात. ही कला टिकवणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. हातात फोन घेऊन फिल्म शिकणाऱ्या मुलांनी आधी पिंगुळीला एक चक्कर मारावी.

गाठ मारताना मेंदू वेळेत थोडी सूट देतो, पण दोन्ही बाजूंना सारखी नाही. प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तर खटकायला लागतं, मागे पडला तर साधारण १२५ पर्यंत चालून जातं. निसर्गात आवाज नेहमी मागूनच येतो, त्याची आपल्याला सवय. किनाऱ्यावर हे लगेच दिसतं. लाट १०० मीटरवर फुटत असेल तर तिचा आवाज सुमारे ०.२९ सेकंदाने पोचतो. सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत हे जवळपास पावणेनऊ फ्रेम झाले. झूम करून लाट जवळ आणली की ती आधी फुटते आणि मग वाजते. म्हणून एडिटिंग करताना आवाज ओढून तेवढा आधी आणावा लागतो. किती ओढायचा ते अंदाजाने ठरवू नका, अंतर मोजून काढा.

फोनवर समुद्र नीट का येत नाही, हेही इथेच सांगतो. वाऱ्याची ‘भस्सभस्स’ हा लांबून आलेला आवाज नसतोच. माइकच्या भोकाशी वाऱ्याचे भोवरे होतात, त्यांचा तो दाब. दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात तो टाळणं कठीण, म्हणून भल्या सकाळी जावं. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा मंदावलेला असतो आणि पाठ जमिनीकडे करून उभं राहिलं तर आपल्याच अंगाचा आडोसा होतो. दुसरी अडचण फोनच्या हुशारीची. सलग सळसळ म्हणजे नको असलेला गोंगाट, असं समजून बऱ्याच फोनांची प्रणाली ती पुसून टाकते, आणि आवाजाची पातळी आपोआप सारखी करते. मोठी लाट आणि तिच्यानंतरची उसंत एकाच उंचीची होऊन बसते, समुद्राचा ताल गेला. पातळी हाताने ठरवू देणारं रेकॉर्डिंग अ‍ॅप वापरलं की निम्मं काम झालं.

पावसाळ्यात किनाऱ्यावर जाणं धोक्याचं, तर घरी बसून करायचा प्रयोग. २०१८ साली केंब्रिज विद्यापीठात अनुराग अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थेंबाच्या ‘ट्प्’चा छडा लावला. अगरवालांना ही कल्पना मित्राच्या घरी गळक्या छपराखालच्या बादलीने झोप उडवल्यावर सुचली, त्यामुळे कोकणी माणसाला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटायला हरकत नाही. अतिवेगवान कॅमेरा आणि माइक एकत्र लावून त्यांनी दाखवलं, की थेंब आपटताना जवळपास आवाज होत नाही. थेंबाने पडलेला खळगा मिटताना त्याच्या तळाशी एक बारीक बुडबुडा अडकतो, आणि तो वाजतो.

पागोळीखाली भरलेली बादली ठेवा. फोनवर वारंवारतेचा आलेख दाखवणारं एखादं फुकट अ‍ॅप घ्या, ‘ट्प्’चं शिखर किती हर्ट्झवर येतं ते पाहा आणि ३.३ ला त्या आकड्याने भागा. बुडबुड्याची त्रिज्या मीटरमध्ये मिळेल. दुसऱ्या फोनवर स्लो मोशन लावा. २४० फ्रेमला एक फ्रेम सुमारे ४ मिलिसेकंदांची, म्हणजे बुडबुड्याचं अख्खं गाणं दोन-चार फ्रेममध्ये आटोपतं. मग पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे थोडे थेंब टाका. पाण्याचा पृष्ठताण बदलतो, बुडबुडा अडकत नाही आणि आवाज बंद होतो. अ‍ॅपचा आलेख किती हर्ट्झपर्यंत जातो ते मात्र आधी बघून घ्या. तो ८,००० लाच संपत असेल तर ०.४ मिलिमीटरपेक्षा लहान बुडबुडे त्यात दिसायचे नाहीत.