पार्कचं फाटक बंद झाल्यावर

खोली म्हणाल तर इतर हॉटेलांसारखीच. पलंग, टीव्ही, न्हाणीघर, फार तर भिंतीवर एखादं कार्टून. दोन-तीन मैलांवर तशीच खोली बरीच स्वस्त मिळते. तरीही थीम पार्कच्या आवारातच मुक्काम करायचा हट्ट लोक सोडत नाहीत. या हट्टाचं मूळ शोधायला गेलं की पहिल्यांदा भेटते ती एका माणसाची चुटपुट.

१७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातल्या अनाहाइममध्ये डिस्नेलँड उघडलं, तेव्हा हॉटेल बांधायला वॉल्ट डिस्नेकडे पैसेच उरले नव्हते. १६० एकर जमीन, किल्ला, आगगाडी, जंगलातली नदी यांतच सगळं संपलेलं. त्यातलाही काही पैसा एका टीव्ही वाहिनीकडून, कार्यक्रम करून देण्याच्या बोलीवर उभा केलेला. शेवटी त्याने जॅक रॅदर या टीव्ही निर्मात्याला गळ घातली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रस्त्यापलीकडे डिस्नेलँड हॉटेल सुरू झालं. नाव डिस्नेचं, गल्ला रॅदरचा.

खरी बोच वेगळीच होती. आत फिरणाऱ्याला बाहेरचं जग दिसू नये म्हणून वॉल्टने पार्कभोवती मातीचा उंच बांध घातला होता. पण फाटकाबाहेर पाऊल टाकलं की समोर मोटेलं, निऑनच्या पाट्या, गाड्यांची वर्दळ. दिवसभर जपलेली जादू रस्ता ओलांडेपर्यंतही टिकत नसे.

मौजमजेच्या जागेशेजारी मुक्काम ही कल्पना त्याआधीचीच. ओहायोत ईरी सरोवराच्या काठी सीडर पॉइंटचं हॉटेल ब्रेकर्स १९०५ सालीच उभं राहिलं होतं. पण तिथे लोक यायचे ते मुख्यतः पाण्यासाठी. शेजारचे पाळणे ही वरकड गंमत. हॉटेल हाच खेळाचा भाग असावा, हे वॉल्टच्या मनात होतं. १९६१ मध्ये डिस्नेलँडची मोनोरेल रस्ता ओलांडून थेट हॉटेलपर्यंत आली आणि त्याची झलक दिसली. पाहुण्याची सफर आता फाटकाऐवजी हॉटेलच्या आवारातूनच सुरू व्हायला लागली.

पुढच्या वेळी वॉल्टने आधी जमीन पाहिली. फ्लोरिडात निरनिराळ्या नावांच्या कंपन्या पुढे करून, गुपचूप, २७ हजार एकरांहून जास्त जागा घेतली. आता कुणाची पाटी नजरेस पडायचा प्रश्नच नव्हता. तो १९६६ मध्ये गेला; १ ऑक्टोबर १९७१ ला पार्क उघडलं तेव्हा सोबत आवारातच दोन हॉटेलं होती, पॉलिनेशियन आणि कंटेम्पररी.

कंटेम्पररीपाशी थोडं थांबायला हवं. बाहेरून ही इमारत उभट तंबूसारखी दिसते. पोलादी सांगाडा आधी उभा केला; खोल्या दुसरीकडे पूर्ण तयार करून, ट्रकने आणून, क्रेनने त्या सांगाड्यात बसवल्या, कपाटात खण सरकवावेत तशा. नूतनीकरणासाठी त्या पुन्हा ओढून काढता येतील, असं लोक वर्षानुवर्षं सांगत आले. एकही कधी निघाली नाही. पण या हॉटेलची खरी करामत खोल्यांत नाही, दिवाणखान्यात आहे. मोनोरेल इमारतीच्या पोटातून जाते. खाली कुणी न्याहारी करत असतं, डोक्यावरून गाडी सर्रकन येते, थांबते, निघून जाते. मधोमध मेरी ब्लेअर या चित्रकर्तीने केलेलं ९० फुटी भित्तिचित्र. त्यात पाच पायांची एक बकरी आहे. ती शोधत मुलं मान वर करून उभी राहतात. (वॉटरगेट घोटाळ्याच्या धामधुमीत, नोव्हेंबर १९७३ मध्ये, राष्ट्राध्यक्ष निक्सन ‘मी लबाड नाही’ असं म्हणाले, तेही याच हॉटेलात. परीकथेच्या शेजारी बसून!)

अनाहाइमचं ते पहिलं हॉटेल मात्र १९८८ पर्यंत डिस्ने कंपनीच्या हाती लागलं नाही. तेव्हाही त्यासाठी रॅदरची अख्खी कंपनीच घ्यावी लागली आणि तिच्याबरोबर लाँग बीचला नांगरलेल्या ‘क्वीन मेरी’ या अजस्र जहाजाचा कारभारही गळ्यात आला. काही वर्षांत डिस्नेने तो सोडून दिला.

हॉटेलं चालतात म्हटल्यावर हाव सुटणारच. १२ एप्रिल १९९२ ला पॅरिसजवळ डिस्नेचं पार्क उघडलं ते पाच हजारांवर खोल्या घेऊन. पण लोक सकाळी यायचे आणि संध्याकाळी घरी परतायचे. पॅरिस हाकेच्या अंतरावर असताना पार्कात कोण झोपणार? खोल्या रिकाम्या, डोक्यावर कर्ज, आणि १९९४ मध्ये त्या कर्जाची फेरमांडणी. तरी तिथलं एक हॉटेल मला फार हुशारीचं वाटतं. गुलाबी रंगाचं, थेट प्रवेशद्वाराच्या डोक्यावर बांधलेलं. पार्कात शिरणारा प्रत्येक जण त्याच्या खालूनच जातो आणि वर पाहत मनात हिशेब करतो.

हीच युक्ती जपान्यांनी तडीला नेली. २००१ मध्ये टोकियो डिस्नेसी सुरू झालं तेव्हा मिराकोस्टा हे हॉटेल पार्कच्या भिंतीतच होतं. काही खिडक्या सरळ आतल्या बंदरावर उघडतात. रात्री गर्दी पांगते, संगीत थांबतं आणि दिवसभर माणसांनी फुललेला धक्का रिकामा पडतो. तेवढं पाहायला मिळावं म्हणून माणसं खोलीचे जादा पैसे मोजतात. त्याच वर्षी फ्लोरिडात अॅनिमल किंगडम लॉज उघडलं. तिथे बाल्कनीखाली गवताळ रान आहे. पडदा सरकवला तर समोर जिराफ पाला ओरबाडत असतो. हॉटेलातल्या पाहुण्यांना सकाळी थोडं आधी आत सोडणं, पार्कपर्यंत फुकट बस या सवलती सोयीच्या खऱ्या, पण घरी आल्यावर माणसं सांगतात ते जिराफाचं.

२०२२ च्या मार्चमध्ये फ्लोरिडात याच्याही पुढची पायरी आली. ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांवर बेतलेलं, शंभर खोल्यांचं ‘अंतराळयान’. दोन रात्रींचा नाट्यमय प्रवास, दोघांचे मिळून सुमारे ४,८०० डॉलर. बाहेरचं जग इथे पुरतं झाकलेलं. खोलीच्या खिडकीतसुद्धा पडद्यावर सरकणारं अवकाश. ज्यांनी अनुभवलं त्यांतले बरेच जण त्याच्यावर लुब्ध होते. पण इतका पैसा मोजणारे पुरेसे मिळाले नाहीत आणि सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस ते बंद झालं. त्या खिडकीतून पार्क कधीच दिसलं नव्हतं.