ब्रिटनमध्ये मधुमेह आणि गाडीचा परवाना: कळवायचे कुणी, स्ट्रिप्सचा खर्च कुणाचा

ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेऊन गाडी चालवणाऱ्याला दोन दारे ठोठावावी लागतात. परवान्यासाठी डीव्हीएलए हे वाहन परवाना देणारे सरकारी खाते (उत्तर आयर्लंडमध्ये डीव्हीए) आणि साखर तपासण्याच्या साहित्यासाठी आपला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. दुसऱ्या दाराशी न जाता अनेक जण खिशातून स्ट्रिप्स (मीटरमध्ये घालायच्या रक्ततपासणीच्या पट्ट्या) विकत घेतात, म्हणून हे सविस्तर सांगतो.

कारचा परवाना असेल आणि इन्सुलिन तीन महिन्यांहून जास्त चालणार असेल, तर डीव्हीएलएला कळवणे बंधनकारक आहे. गरोदरपणात सुरू झालेले इन्सुलिन बाळंतपणानंतर तीन महिन्यांनीही चालू राहिले, तरी तोच नियम. न कळवल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. नुसत्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्या कारचालकाला कळवावे लागत नाही. साखर फार उतरवू शकणाऱ्या ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्यांवर असणाऱ्यालाही एरवी नाही, पण साखर इतकी उतरली की दुसऱ्याला मदतीला यावे लागले, असे जागेपणी बारा महिन्यांत दोनदा घडले, तर गाडी चालवणे थांबवून कळवायचेच. बस-लॉरीचे नियम बरेच कडक आहेत, तिथे गोळ्या सुरू झाल्या तरी कळवावे लागते.

कळवणे ऑनलाइन होते, किंवा ‘डीआयएबी १’ हा फॉर्म भरून टपालाने पाठवता येतो. परवान्याचा तपशील, जीपीचे नाव-पत्ता, हॉस्पिटलात उपचार असतील तर तिथल्या डॉक्टरांचे नाव आणि औषधांची यादी आधीच काढून ठेवा. सगळे ठीक असेल तर एक, दोन किंवा तीन वर्षांचा परवाना मिळतो. मुदत संपल्यावर नूतनीकरणाला पैसे लागत नाहीत.

इन्सुलिनवाल्यांनी गाडी सुरू करण्याआधी दोन तासांच्या आत आणि लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी साखर तपासायची असते. मीटरवर किमान ५ (mmol/L, ब्रिटनमधले एकक) हवे, म्हणजे भारतातल्या मोजणीने ९० (mg/dL). ४ ते ५ असेल तर आधी काहीतरी खा. ४ च्या खाली असेल तर गाडी चालवू नका. वाटेत साखर उतरली तर गाडी सुरक्षित जागी उभी करा, किल्ली काढा, चालकाच्या जागेवरून उठा आणि साखर घ्या. ती पुन्हा ५ वर आल्यानंतर पंचेचाळीस मिनिटे थांबा, कारण आकडा सुधारला तरी मेंदूला सावरायला वेळ लागतो. कारचालकांना बाहूवर चिकटवलेला, सतत साखर मोजणारा सेन्सर चालतो, पण मीटर आणि स्ट्रिप्स सोबत हव्यातच. सेन्सर ४ च्या खाली दाखवू लागला, किंवा आकडा आणि अंगातली लक्षणे जुळेनात, तर बोट टोचूनच खात्री करावी लागते.

आता खर्च. कायदा तपासायला लावत असेल तर त्याचा भार रुग्णावर पडू नये, असे माझे ठाम मत आहे, आणि एनएचएसची (सरकारी आरोग्यसेवेची) व्यवस्थाही बरीचशी त्याच बाजूची आहे. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार इन्सुलिनवाल्यांना, तसेच गाडी चालवताना साखर उतरवू शकणाऱ्या गोळ्यांवरच्या टाइप २ रुग्णांनाही घरी तपासण्याची सोय द्यायची असते. टाइप १ च्या सर्व प्रौढांना २०२२ पासून सेन्सरची निवड द्यायची आहे. टाइप २ मध्ये दिवसातून अनेकदा इन्सुलिन टोचणाऱ्यांना तो ठरावीक अटींवर मिळतो.

स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये प्रिस्क्रिप्शनला पैसे पडत नाहीत. इंग्लंडमध्ये मधुमेहाचे औषध चालू असलेल्यांनी जीपीकडून ‘एफपी ९२ए’ फॉर्म भरून घ्यावा. त्यावर मिळणारे प्रिस्क्रिप्शनचे पैसे माफ करणारे प्रमाणपत्र पाच वर्षे चालते. जीपीने स्ट्रिप्स कमी लिहून दिल्या, तर आठवड्यात किती तास गाडी चालवता ते कागदावर मांडून दाखवा आणि तेवढ्या तपासण्यांना पुरतील इतक्या स्ट्रिप्स मागा.