नाकाचा सीपॅप मास्क : वापर आणि निगा

नाकाचा सीपॅप मास्क म्हणजे झोपेत श्वास अडणाऱ्या माणसाच्या नाकावर बसवण्याचे सिलिकॉनचे मऊ आवरण. उशाशी ठेवलेल्या सीपॅप (सतत दाबाने हवा देणाऱ्या) यंत्रातून येणारी हवा नळीतून मास्कमध्ये आणि तिथून नाकावाटे घशापर्यंत पोचते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींची जीभ आणि पडजीभ मागे सरून श्वासाची वाटच बुजते. श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त थांबतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा होतो आणि माणूस जोराने घोरून पुन्हा झोपतो. तासाला अशा ५ ते १५ अडथळ्यांना सौम्य, १५ ते ३० अडथळ्यांना मध्यम आणि त्यापुढे तीव्र निद्राश्वासरोध म्हणतात. सीपॅपची हवा घशाला आतून टेकू देते आणि वाट उघडी ठेवते. हा दाब पाण्याच्या ४ ते २० सेंटिमीटर उंचीइतका असतो. किती ठेवायचा हे झोपेच्या तपासणीवरून डॉक्टर ठरवतात. मास्क काढून झोपले की त्याच रात्री श्वास पुन्हा अडू लागतो, म्हणून हा उपचार रोजचा आहे.

ऑस्ट्रेलियातील सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी पाच रुग्णांवर केलेला या उपचाराचा प्रयोग १९८१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तोवर तीव्र आजारात गळ्याला छिद्र पाडून नळी बसवणे हाच खात्रीचा उपाय होता. सुरुवातीचे मास्क रुग्णाच्या नाकाच्या साच्यावरून बनवत आणि रात्री चेहऱ्याला अक्षरशः चिकटवत. आजचा मास्क सुटा, हलका आणि धुता येण्याजोगा आहे. यंत्रात कितीही सुधारणा झाल्या तरी उपचाराचे यश आजही याच शेवटच्या वितभर भागावर ठरते. बेळगाव सीमाभागात पैसे मोजून आणलेली यंत्रे सोप्यातल्या कपाटात पडून राहतात, त्यामागे बहुतेक वेळा मास्कच असतो. तो गळतो, टोचतो, वास मारतो किंवा ओला राहतो. यातले जवळजवळ सगळे घरच्या घरी सुधारता येते.

मास्कचे भाग थोडकेच आहेत. नाकाला टेकणारी सिलिकॉनची गादी, तिला धरणारी चौकट, डोक्यामागून जाणारे कापडी पट्टे आणि नळी जोडायचा फिरता सांधा. चौकटीवर किंवा सांध्यावर बारीक छिद्रे असतात. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथून बाहेर पडतो, त्यामुळे तिथून हवेचा फुसफुस आवाज येणारच. ही गळती समजून कोणी त्यावर चिकटपट्टी लावतो, कोणी आवाज नको म्हणून कापूस कोंबतो. हे धोक्याचे आहे. ती छिद्रे कधीही बंद करू नयेत. नाकपुड्यांत टेकणारी लहान उशीवजा गादी आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क हे याचेच दुसरे प्रकार. झोपेत तोंड उघडे राहत असेल तर नाकाच्या मास्कमधली हवा तोंडावाटे निघून जाते आणि सकाळी घसा कोरडा पडतो. तिथे हनुवटीचा पट्टा किंवा मोठा मास्क लागू शकतो.

बसवणे. बसल्या बसल्या, यंत्र बंद असताना मास्क घट्ट वाटला म्हणजे तो नीट बसला असे नव्हे. आडवे व्हावे, नेहमीच्या उशीवर डोके टेकावे, यंत्र सुरू करावे आणि मग पट्टे जुळवावेत. दाब आला की गादी किंचित फुगते. तेव्हा मास्क चेहऱ्यापासून थोडा उचलून पुन्हा अलगद टेकवला की गादीची आतली पातळ कड आपोआप पसरते आणि बसते. पट्ट्याखाली एक-दोन बोटे सहज गेली पाहिजेत. हवा गळते म्हणून पट्टा आवळत जाणे ही सर्रास होणारी चूक. फार आवळल्यावर गादी चेपते, कड दुमडते आणि गळती उलट वाढते. नाकाच्या दांड्यावर लाल वळ उठतो, पुढे कातडी सोलवटते आणि मग माणूस मास्कला हात लावायला तयार नसतो. वरून गळणारी हवा डोळ्यांत गेली की सकाळी डोळे लाल आणि कोरडे होतात. तेव्हा आधी गादीचा आकार बरोबर आहे का ते पाहावे. मापात एक नंबर इकडे-तिकडे झाला तरी रात्र बिघडते.

चेहरा स्वच्छ आणि कोरडा हवा. रात्री डोक्याला आणि तोंडाला खोबरेल चोळून झोपायची सवय इथे घरोघरी आहे. तेलावरून सिलिकॉन सरकते आणि तेलाने ते लवकर खराबही होते. तेल लावायचेच तर सकाळी. निजायच्या आधी सुनेने ‘आप्पा, तोंड धुऊन या, मग मास्क लावा’ एवढे म्हटले तरी निम्मे काम होते. भरघोस मिशीवर नाकाची गादी नीट बसत नाही. मिशी काढायची नसेल तर नाकपुड्यांत टेकणारा प्रकार डॉक्टरांना विचारावा. बायकांनी रात्री चमकी काढून ठेवावी. ती टोचते आणि गादी फाडते. निपाणीकडे तपकीर ओढणारी जुनी माणसे आहेत. तपकिरीने नाकाचे अस्तर सुजते, नाक चोंदते आणि मास्क कितीही चांगला असला तरी हवा आत जात नाही. नाक चोंदलेले असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने मिठाच्या पाण्याचे थेंब वापरून ते आधी मोकळे करावे.

पहिले काही आठवडे सगळ्यात अवघड असतात. जीव घुसमटल्यासारखा होतो, हवा पोटात जाऊन ढेकर येतात. दिवसा जागेपणी पेपर वाचताना किंवा टीव्ही बघताना थोडा वेळ मास्क लावून बसल्याने भीती मोडते. बहुतेक यंत्रांत दाब हळूहळू चढवण्याची सोय असते, ती सुरू करून घ्यावी. अमेरिकेत विम्यातून यंत्राचा खर्च देताना निदान ७० टक्के रात्री, रात्रीला ४ तास वापर हा निकष लावतात. तो किमान हिशेब झाला. जितका वेळ झोप तितका वेळ मास्क, हेच खरे. दुपारची डुलकीही त्यात आली.

धुणे. गादीवर रात्रभर घाम, चेहऱ्याचे तेल आणि नाकातला ओलावा बसतो. म्हणून ती रोज धुवावी, आणि सकाळीच, म्हणजे वाळायला अख्खा दिवस मिळतो. गादी चौकटीतून सोडवावी, कोमट पाण्यात बिनवासाचा सौम्य द्रव साबण थोडासा घालून बोटांनी चोळावी. आतली पातळ कड आणि खोबण विसरू नये. चिकट थर तिथेच साठतो. मग साबणाचा अंश उरणार नाही इतके खळबळून घ्यावे. उरलेल्या साबणाने नाकाभोवती पुरळ येते आणि दोष मास्कवर जातो. बंबातले कढत पाणी नको, त्यात विसण मिसळावे. डेटॉल, स्पिरिट, ब्लीचिंग पावडर, भांड्यांची पावडर यांपैकी काहीही वापरू नये. सिलिकॉनला तडे जातात, शिवाय त्यांची वाफ रात्रभर सरळ फुप्फुसात जाते. निर्जंतुक केल्याचे समाधान मिळते, पण रोजच्या वापराला साबण-पाणी पुरेसे असते. ओझोन सोडणाऱ्या सफाईपेट्यांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० सालीच सावध केले आहे. तो वायू श्वसनमार्गाला त्रासदायक आहे.

पट्टे आणि नळी आठवड्यातून एकदा धुवावी. पट्टे सोडण्याआधी जिथे ते अडकवले असतील तिथे लाल दोऱ्याचा एक टाका घालून ठेवावा. मग दर आठवड्याला माप नव्याने शोधावे लागत नाही. पट्टे पिळू नयेत, त्यांचा ताण जातो. साधी नळी साबणपाण्यात खळबळून पाण्याखाली धरावी, झटकावी आणि मधोमध दोरीवर टाकून दोन्ही तोंडे खाली सोडावीत. गरम होणाऱ्या नळीत तारा असतात, तिच्यासोबतची सूचना आधी पाहावी.

खरी परीक्षा पावसाळ्यात. खानापूर तालुक्यात, कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर कपडे दिवसेंदिवस वाळत नाहीत, भिंतींना ओल येते आणि चपलांवरही बुरशी चढते. तिथे ओला मास्क डब्यात किंवा पिशवीत बंद करून ठेवला तर त्यावरही काळे ठिपके उठतात. ते आत रुजलेले असतील तर धुऊन जात नाहीत, गादी बदलावीच लागते. धुतलेले भाग जुन्या सुती धोतराच्या तुकड्याने टिपावेत आणि पंख्याच्या वाऱ्यात, भिंतीपासून दूर दोरीला टांगावेत. चुलीवर किंवा बंबाजवळ वाळवू नयेत; उष्णतेने आकार बिघडतो आणि धुराचा वास सिलिकॉन सोडत नाही. उन्हाळ्यात कडक उन्हातही ठेवू नयेत. नळीत पाणी अडकले असेल तर यंत्राला जोडलेल्या, हवा ओलसर करणाऱ्या टाकीत पाणी न घालता यंत्र थोडा वेळ चालवले की ती आतून सुकते. पावसाळ्याच्या भागात एक जादा गादी घरात असणे ही चैन नाही. एक वाळते, दुसरी वापरात राहते.

पाणी आणि ओलावा. यंत्राला जोडलेल्या टाकीत मेडिकलमधले डिस्टिल्ड वॉटर घालावे. बोअरचे जड पाणी तळाशी पांढरी खर धरते. उकळून गार केलेल्या पाण्यातले जंतू मरतात, क्षार तसेच राहतात. गॅरेजात बॅटरीसाठी मिळणारे पाणी श्वासासाठी बनवलेले नसते, ते घालू नये. रोज सकाळी शिळे पाणी ओतून टाकी कोरडी करावी. थंडीत खोली गार झाली की नळीत वाफेचे पाणी होते आणि मध्यरात्री नाकात शिंतोडा उडतो. त्यावर सोपा उपाय, नळी वाकळीखालून घ्यावी आणि ओलावा एक अंकाने कमी करावा. यंत्र डोक्याच्या पातळीपेक्षा खाली असावे, म्हणजे पाणी टाकीकडे परत जाते. जमिनीवर अंथरूण घालणाऱ्यांनी ते नुसत्या जमिनीवर न ठेवता पाटावर ठेवावे, नाहीतर धूळ खेचली जाते. निजायचे अंथरूणही त्याहून उंच हवे. यंत्राच्या मागची हवा गाळणारी जाळी पंधरवड्याला पाहावी. कागदी जाळी धुऊन चालत नाही, बदलावी लागते. चिक्कोडी-निपाणीकडे उसाचा पाला जाळण्याच्या दिवसांत आणि चूल पेटणाऱ्या घरांत ती लवकर करडी होते.

करंट गेला की हवा थांबते. नाकाचा मास्क असलेल्याला तोंडाने श्वास घेता येतो, म्हणून घाबरू नये, पण मास्क काढून ठेवावा. इन्व्हर्टर घेताना शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखीच सुरळीत वीज देणारा घ्यावा. टाकी गरम करायला बरीच वीज लागते. बॅटरीवर ती बंद ठेवली तर यंत्र जास्त वेळ चालते.

काही मास्कचे पट्टे चुंबकाच्या चापांनी अडकतात. पेसमेकर, डोक्यात बसवलेली धातूची क्लिप किंवा तत्सम उपकरण असलेल्याने असा मास्क वापरू नये. त्याच अंथरुणात झोपणाऱ्या जोडीदाराला पेसमेकर असेल तरी हे पाळावे. घेतानाच दुकानदाराला स्पष्ट विचारावे. माहितीपुस्तिका बहुधा इंग्रजीत असते, दवाखान्यातली चिठ्ठी इंग्रजीत आणि सूचना कानडीत. मराठी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला यातले निम्मेच कळते. मास्क कसा सोडवायचा-जोडायचा हे घरच्या कोणीतरी दुकानदाराकडून समोर करवून घ्यावे आणि मोबाइलवर त्याचे चित्रीकरण करून आणावे.

तपासणीसाठी निपाणीची माणसे कोल्हापूर-मिरज गाठतात, खानापूरची बेळगाव किंवा हुबळी. लांब पडते म्हणून फेरतपासणी टाळली जाते. यंत्राच्या पडद्यावर रोजची गळती आणि उरलेले अडथळे दिसतात. उपचार चालू असताना अडथळे तासाला ५ च्या आत असावेत. सतत जास्त दिसले, दिवसा पुन्हा पेंग येऊ लागली किंवा घोरणे परतले तर फोनवर विचारत न बसता जावे, आणि जाताना मास्क, पट्टे आणि यंत्रातले नोंदींचे कार्ड सोबत न्यावे.

गादी ताठ झाली, कड फाटली किंवा धुऊनही चिकट राहू लागली की ती बदलावी. नुसता पिवळेपणा आला म्हणून ती निकामी होत नाही. पट्टे सैल पडून शेवटच्या टोकापर्यंत आवळावे लागत असतील तर तेही संपले. एखाद्या घरातला रुग्ण गेला की त्याचे यंत्र भावकीत दुसऱ्याला दिले जाते. मास्क, नळी आणि जाळी मात्र त्याच्यासोबत देऊ नयेत. त्या नव्या घ्याव्यात आणि दाब नव्या माणसाच्या तपासणीवरून डॉक्टरांकडून बदलून घ्यावा.